साधी की कार्डियाक? रुग्णवाहिकांमधला फरक नेमका कशात असतो

रात्री अकरा वाजता वडिलांच्या छातीत कळ येते, घरातले कोणीतरी खासगी रुग्णवाहिकेच्या चालकाला फोन लावते आणि पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, "साधी पाठवू की कार्डियाक?" दोन्हींच्या भाड्यात मोठा फरक असतो. फोन धरलेल्या मुलाला या दोन शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक नसतो आणि विचार करायला उसंतही नसते. वडिलांच्या जिवापुढे आपण पैशांकडे पाहिले, असे पुढे कधी वाटायला नको, म्हणून तो "कार्डियाकच पाठवा" असे सांगतो. मग कधी कधी असे होते की पाच मिनिटांत दाराशी येऊ शकणारी साधी गाडी नाकारली जाते आणि घरचे लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघालेल्या मोठ्या गाडीची वाट पाहत बसतात. निर्णय मायेपोटी घेतलेला असतो, पण काही रुग्णांच्या बाबतीत तो जिवावर बेततो. कोणत्या रुग्णाला कोणती गाडी उपयोगी पडते, याबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातून निघालेली उत्तरे सहज मनात येणाऱ्या समजुतीपेक्षा वेगळी आहेत.

शरीराच्या बाहेरून आणि शरीराच्या आत

भारतात रुग्णवाहिका कशी बांधावी याचे एआयएस-१२५ नावाचे मानक आहे आणि त्यात वाहनांचे चार प्रकार केलेले आहेत. 'ए' म्हणजे प्रथमोपचार करणाऱ्या माणसाला घटनास्थळी लवकर पोहोचवणारे वाहन. 'बी' म्हणजे ज्याला वाटेत उपचारांची गरज पडणार नाही अशा रुग्णाची ने-आण करणारी गाडी. उरलेले दोन प्रकार या लेखाचा विषय आहेत. 'सी' म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, अर्थात बीएलएस, आणि 'डी' म्हणजे अॅडव्हान्स लाइफ सपोर्ट, अर्थात एएलएस. लोकांच्या तोंडी असलेली 'कार्डियाक' किंवा 'आयसीयू अॅम्ब्युलन्स' ही बहुतेक वेळा या 'डी' प्रकारातली असते, किंवा निदान तशी असायला हवी.

'सी' आणि 'डी' यांच्यामधली रेघ मानकाने एका साध्या गोष्टीवरून ओढली आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी शरीराच्या आत काही घालावे लागते का, हा तो प्रश्न. बीएलएसमध्ये जे काही करायचे ते मुख्यतः शरीराच्या बाहेरून करायचे असते. छाती दाबणे, मास्कमधून ऑक्सिजन देणे, घशातली थुंकी-उलटी ओढून काढणे, अंबू बॅग नावाची रबरी पिशवी दाबून श्वास देणे, रक्तस्राव दाबून धरणे, मोडलेले हाड आधार देऊन बांधणे, बाळंतपण होऊ घातले असेल तर ते सुखरूप पार पाडणे, ही सगळी कामे त्यात येतात. हृदयाची लय स्वतः तपासून शॉक द्यायचा की नाही हे बोलून सांगणारे एईडी हे यंत्रही त्यातच मोडते, कारण ते चालवायला ईसीजी वाचता यावा लागत नाही. एएलएसमध्ये याच सगळ्यात श्वासनलिकेत नळी घालणे, व्हेंटिलेटर लावणे, शिरेतून औषधे देणे, ती थेंबाथेंबाने मोजून सोडणारा सिरिंज पंप, ईसीजी काढून वाचणे आणि हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने नियंत्रण ठेवणे यांची भर पडते.

या भर पडण्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. एएलएस ही बीएलएसच्या जागी येणारी दुसरी गोष्ट नसून तिच्यावर चढवलेला मजला आहे, आणि खालचा मजला कच्चा असेल तर वरच्याचा काही उपयोग होत नाही.

डिझेल पंपाची दोन दुखणी

पुढे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो वर्तमानपत्रांच्या बातम्यांतही नेहमी दिसतो. हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदय बंद पडणे या दोन निराळ्या घटना आहेत. शेतातल्या डिझेल पंपाची डिझेल पुरवणारी नळी तुंबली, तर पंप धडधडतो, धूर ओकतो, पण अजून चालू असतो. झटका म्हणजे ही नळी तुंबणे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी अडते, छातीत कळ येते, घाम फुटतो, पण माणूस शुद्धीवर असतो आणि बोलतो. हृदय बंद पडणे म्हणजे पंपच थांबणे. त्या वेळी माणूस कोसळतो, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही, नीट श्वास घेत नाही. तुंबलेल्या नळीमुळे पंप थांबू शकतो, म्हणूनच झटक्याची भीती असते, पण दोन्ही वेळी करायची कामे आणि हाताशी असलेला वेळ पूर्णपणे वेगळा असतो. झटक्यात तास महत्त्वाचे असतात, तर हृदय बंद पडल्यावर मिनिटे. छाती दाबली जात नसेल, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटामागे वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते, असे मानले जाते.

हापसा थांबला की पाणी खाली जाते

१९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तीन संशोधकांनी दाखवून दिले की छाती न उघडता, केवळ बाहेरून दाबून, बंद पडलेल्या हृदयातून रक्त ढकलता येते. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो त्याची सुरुवात तिथून झाली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने दाबायचे, हे त्याचे आजचे माप आहे.

हे दाबणे अखंड का असावे लागते, हे गावातल्या हापशावरून चटकन कळते. हापसा मारायला लागलो की पहिल्या काही हिसक्यांना पाणी येत नाही. पाइपात पाणी वर चढते, मग धार लागते. मध्ये थांबलो की पाणी पुन्हा खाली जाते आणि परत धार लागायला आणखी काही हिसके वाया जातात. छाती दाबताना हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतला दाब असाच हळूहळू चढतो आणि थांबल्याबरोबर कोसळतो. आता कल्पना करा की अडचणीच्या खोलीत, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी किंवा शीर शोधण्यासाठी छाती दाबणे अर्धा मिनिट थांबवले गेले. काम प्रगत होते, हेतू चांगला होता, पण तेवढ्या वेळात मेंदूचे पाणी खाली गेले. बीएलएस आणि एएलएस यांच्या तुलनेचे मर्म मला या हापशात दिसते.

ओंटारिओत दोन्ही गोष्टी मोजल्या गेल्या

प्रगत उपचार रुग्णाच्या दारी न्यावेत, ही कल्पना रूढ करण्याचे श्रेय उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांना जाते. १९६५-६६ च्या सुमारास त्यांनी गाडीच्या बॅटरीवर चालणारे शॉक देण्याचे यंत्र रुग्णवाहिकेत बसवले आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबण्याऐवजी रुग्णालयच त्याच्याकडे न्यायला सुरुवात केली. पुढची तीस वर्षे अनेक देशांनी त्याच दिशेने पावले टाकली. या वाढत्या सामग्रीचा प्रत्यक्ष फायदा किती होतो, हे मोठ्या प्रमाणावर मोजायला मात्र शतक संपत आले.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ते काम टप्प्याटप्प्याने केले. आधी त्यांनी फक्त बेसिक सेवा सुधारली, म्हणजे कोसळलेल्या बहुतांश रुग्णांपर्यंत शॉक देणारे यंत्र आठ मिनिटांत पोहोचेल अशी व्यवस्था केली. तेवढ्यानेच रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर गेले. पुढच्या टप्प्यात या गाड्यांवर नळी घालण्याचे आणि शिरेतून औषधे देण्याचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी नेमले. २००४ साली जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांत ५,६३८ रुग्णांची नोंद होती. बेसिक टप्प्यात जगलेले ५.० टक्के, प्रगत सेवा जोडल्यावर ५.१ टक्के. फरक जवळपास शून्य. त्याच अभ्यासात असे दिसले की कोसळताना कोणीतरी पाहिले असणे, पाहणाऱ्याने लगेच छाती दाबणे आणि आठ मिनिटांच्या आत शॉक मिळणे या तीन गोष्टींनी जगण्याची शक्यता तिपटी-चौपटीने वाढत होती. तिन्ही गोष्टी बेसिक आहेत, आणि त्यातल्या पहिल्या दोन तर रुग्णवाहिका येण्याच्याही आधीच्या आहेत.

एएलएसमधल्या औषधांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वासाचे औषध अॅड्रेनलिन. ब्रिटनमध्ये ८,०१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली जाहीर झालेल्या चाचणीत निम्म्यांना अॅड्रेनलिन आणि निम्म्यांना नुसते खारे पाणी दिले गेले, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तीस दिवसांनी जिवंत असलेले अनुक्रमे ३.२ टक्के आणि २.४ टक्के होते. म्हणजे औषधाने काही जीव वाचवले, हे मान्य करावेच लागेल. पण वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.८ टक्के होते. औषध हृदयाला पुन्हा चालवू शकते, मात्र मधल्या काळात उपाशी राहिलेला मेंदू ते परत देऊ शकत नाही. मेंदूचा बचाव पहिल्या मिनिटापासून चाललेल्या हापशावरच अवलंबून राहतो.

"प्रगत गाडीकडे अधिक आजारी रुग्णच जात असतील"

ही शंका अगदी रास्त आहे. २०१५ साली अमेरिकेतील वयस्कर रुग्णांच्या सरकारी विमा नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बीएलएस गाडीने गेलेले १३.१ टक्के लोक जिवंत घरी परतले आणि एएलएस गाडीने गेलेले ९.२ टक्के. या आकड्यांवरून तिथे मोठा वाद झाला. नावाजलेल्या वकिलाकडे अवघड खटले येतात, म्हणून त्याच्या हरलेल्या खटल्यांची संख्या जास्त दिसू शकते. त्याचप्रमाणे जिथे आशा कमी आहे तिथे प्रगत गाडी धाडली जात असेल, तर तिचे आकडे वाईट दिसणारच. संशोधकांनी रुग्णांचे वय, आजार आणि परिसर जुळवून हा दोष कमी करण्याचा प्रयत्न केला, पण नुसत्या नोंदींवरून तो पूर्ण जाऊ शकत नाही. म्हणून या अभ्यासावरून 'प्रगत गाडी घातक असते' असे म्हणणे मला चुकीचे वाटते. ओंटारिओच्या पाहणीत मात्र ही अडचण बरीच कमी होती, कारण तिथे गाड्यांची निवड रुग्णागणिक झाली नव्हती, एका टप्प्यानंतर साऱ्या व्यवस्थेचाच दर्जा बदलला होता. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एवढे खात्रीने म्हणता येते की हृदय बंद पडल्यावर पहिली मिनिटे नीट सांभाळली गेली नाहीत, तर नंतरची सामग्री ती भरून काढू शकत नाही.

अपघात: गळणाऱ्या टाकीत पाणी ओतणे

महामार्गावर ट्रकने दुचाकीला उडवले, पोटाला मार बसला आणि आत रक्तस्राव होतो आहे. रक्तदाब उतरलेला आहे. अशा वेळी जागेवरच सलाइन लावून रक्तदाब वर आणावा, हे कोणालाही पटेल. पण तळाला भोक पडलेल्या टाकीत वरून जोराने पाणी ओतले, तर दाब वाढून भोकातून गळतीही वाढते, आणि पाणी मिसळल्याने आतला माल पातळ होत जातो. सलाइनने रक्त पातळ होते, त्याची गोठण्याची शक्ती घटते, आणि कशीबशी धरलेली गुठळी वाढलेल्या दाबाने सुटू शकते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात छाती-पोटात गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ जखमींवर हे तपासले गेले. १९९४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत सलाइन दिले नाही त्यांच्यातले ७० टक्के जगले, आणि ज्यांना वाटेतच दिले त्यांच्यातले ६२ टक्के. अशा जखमीला भोक बुजवणारा सर्जन हवा असतो, आणि तो गाडीत नसतो.

ओंटारिओतही २,८६७ गंभीर जखमींची पाहणी झाली. प्रगत सेवेने एकूण जगण्यात फरक पडला नाही. डोक्याला जबर मार लागून खोल बेशुद्धीत गेलेल्यांमध्ये तर बेसिक टप्प्यात ६० टक्के जगले होते आणि प्रगत टप्प्यात ५०.९ टक्के. रस्त्याच्या कडेला घातलेली नळी चुकीच्या जागी जाऊ शकते, ती घालताना ऑक्सिजन खाली जाऊ शकतो आणि वेळ जातो, तो वेगळाच.

याचा अर्थ अपघातात औषधांना काही जागाच नाही, असा नाही. रक्तस्राव रोखायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तीन तासांच्या आत दिले तर जीव वाचतात, हे २०१० साली २०,००० हून अधिक जखमींच्या चाचणीत सिद्ध झाले. तरीही अपघाताच्या जागी मी सर्वांत आधी तीन गोष्टी पाहीन. रक्त दाबून धरले आहे का, मान आणि पाठीचा कणा न हलवता जखमीला गाडीत घेतले का, आणि गाडी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघाली का. यात मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस किंवा न्यायालयाचा ससेमिरा लागू नये, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ घातले गेले आहे. आपल्याकडे अजूनही लोक या भीतीने मागे सरतात, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मग प्रगत गाडी हवी कशासाठी?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की एएलएस म्हणजे खर्चाचा बडेजाव. तसे मानणे तितकेच धोक्याचे ठरेल. ज्या आजारात योग्य औषध काही मिनिटांत दिल्याने माणूस वळतो, आणि रुग्णालय लांब असते, तिथे प्रगत गाडी खरोखर जीव वाचवते. ओंटारिओच्याच पाहणीत, धाप लागून श्वास अपुरा पडणाऱ्या रुग्णांमधले मृत्यू प्रगत सेवा आल्यावर १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. थांबता न थांबणारी फिट हे दुसरे ठळक उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या आणि २००१ साली जाहीर झालेल्या चाचणीत, रुग्णवाहिकेतच शिरेतून लोराझेपॅम दिलेल्या ५९.१ टक्के रुग्णांची फिट रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबली होती. औषधाऐवजी नुसते द्रावण दिलेल्यांत हे प्रमाण २१.१ टक्के होते. साखर एकदम उतरून बेशुद्ध पडलेला मधुमेही, मधमाश्यांच्या हल्ल्यानंतर घसा सुजून श्वास अडकलेला शेतकरी, हृदयाचे ठोके मिनिटाला तिसाच्या खाली गेलेले आजोबा, या सर्वांना एएलएसचे औषध किंवा यंत्र वाटेतच मिळाले तर मोठा फरक पडतो.

झटक्याच्या बाबतीत प्रगत गाडीचा सर्वांत मोठा उपयोग औषधापेक्षा माहितीचा आहे. वाटेत ईसीजी काढला गेला, वाहिनी पूर्ण अडली आहे हे कळले, तर अँजिओप्लास्टीची सोय नसलेल्या जवळच्या रुग्णालयात दोन तास घालवण्याऐवजी गाडी थेट योग्य ठिकाणी जाऊ शकते आणि तिथले लोक आधीच तयार राहू शकतात.

आणि जिथे तडजोड करूच नये अशी एक जागा आहे, ती म्हणजे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवणे. तालुक्याच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असलेला, रक्तदाब टिकवण्याचे औषध सिरिंज पंपातून चालू असलेला रुग्ण जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या गावी न्यायचा असतो. तो आधीच उपचारांवर उभा असतो, त्यामुळे वाटेत तेच उपचार सुटले तर तो कोसळणार. इथे घाईपेक्षा सातत्याला किंमत आहे. हव्या त्या तयारीची गाडी यायला तासभर लागत असेल, तर बहुतेक वेळा थांबणे शहाणपणाचे असते, आणि तो निर्णय पाठवणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

मण्यारीचा दंश आणि रबरी पिशवी

आपल्या ग्रामीण भागातले एक उदाहरण मला या सगळ्यात फार बोलके वाटते. मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. प्रतिविष रुग्णालयातच मिळते, आणि स्नायू एकदा लुळे पडले की प्रतिविष दिल्यावरही ते लगेच पूर्ववत होत नाहीत. या मधल्या काळात रुग्णाचे हृदय ठीक असते, मेंदू ठीक असतो. त्याला फक्त कोणीतरी श्वास द्यायला हवा असतो. मास्क तोंडावर घट्ट धरून अंबू बॅग दर पाच-सहा सेकंदांनी दाबत राहिले, तर माणूस तासभराच्या रस्त्यातही जिवंत पोहोचू शकतो. ही पिशवी १९५६ साली डेन्मार्कमध्ये तयार झाली. तिला वीज लागत नाही, आणि ती प्रत्येक बीएलएस गाडीत असते. नीट मास्क धरता येणे हे मात्र दिसते त्यापेक्षा अवघड कौशल्य आहे आणि सराव सुटला की ते हातातून जाते. बेसिकला सोपे समजण्याची चूक इथे उघडी पडते.

महाराष्ट्राचे गणित

१०८ ही सेवा २००५ साली हैदराबादमध्ये सुरू झाली, गोव्यात ती २००८ मध्ये आली आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये. महाराष्ट्राने सुरुवातीला ९३७ गाड्या घेतल्या, त्यात ७०४ बीएलएस आणि २३३ एएलएस. राष्ट्रीय पातळीवरचा निकष असा की एक लाख लोकांमागे एक बीएलएस आणि पाच लाखांमागे एक एएलएस असावी. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे सुमारे १,१२४ बीएलएस आणि २२५ एएलएस लागत होत्या. थोडा हिशेब केला की लक्षात येते, प्रगत गाड्या निकषापेक्षा किंचित जास्तच होत्या. तुटवडा होता तो चारशेहून अधिक बेसिक गाड्यांचा. सेवेच्या पुढच्या टप्प्यासाठी आखलेल्या १,७५६ वाहनांमध्ये १,२७४ बीएलएस आणि २५५ एएलएस धरल्या गेल्या, शिवाय नवजात बालकांसाठीच्या गाड्या, दुचाकी आणि नौकाही. हे आकडे १२ कोटी ७४ लाख लोकसंख्येला तोच निकष लावल्यावर तंतोतंत येतात. आमच्या तालुक्याला एक 'कार्डियाक' द्या, ही मागणी लोकप्रतिनिधी आणि गावकरी नेहमी करतात आणि तीमागची कळकळ खरी आहे. पण एका प्रगत गाडीच्या खर्चात दोन बेसिक गाड्या तालुक्याच्या दोन टोकांना उभ्या राहत असतील, तर कोसळलेल्या माणसाच्या दृष्टीने मला दुसरा पर्याय अधिक मोलाचा वाटतो.

"आमच्या साध्या गाडीतही डॉक्टर असतो, मग ती बेसिक कशी?"

हे महाराष्ट्राचे वेगळेपण आहे. अनेक राज्यांत आणि परदेशांत रुग्णवाहिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राच्या १०८ सेवेत बीएलएस गाडीतही डॉक्टर ठेवले गेले, आणि त्यात आयुर्वेदाच्या पदवीधरांचा मोठा वाटा आहे. रुग्णाला धीर देणे, परिस्थिती ओळखणे, योग्य रुग्णालय निवडणे यात याचा फायदा होतो. पण गाडीचा प्रकार पदवीवरून ठरत नाही. आत व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि औषधांचा साठा नसेल, तर डॉक्टर असूनही ती बेसिकच राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. भिंतीला सगळी यंत्रे लटकलेली आहेत, पण ती चालवण्याचा नियमित सराव असलेले कोणी मागे बसलेले नाही, अशी गाडी बाहेरून 'कार्डियाक' दिसली तरी आतून बेसिकही नसते.

फोन धरलेल्या माणसाने काय करावे

१०८ ला फोन केल्यावर गाडीचा प्रकार निवडण्याची जबाबदारी आपल्यावर घेऊ नये. आपण माहिती द्यायची असते. रुग्ण हाकेला उत्तर देतो का, श्वास नीट चालू आहे का, नेमके काय झाले, आणि आपण कुठे आहोत, जवळची ठळक खूण कोणती, एवढे शांतपणे सांगावे. सेवा विनामूल्य आहे. माणूस कोसळला असेल आणि श्वास घेत नसेल, तर फोन स्पीकरवर ठेवून छाती दाबायला लागावे आणि जी गाडी सर्वांत आधी पोहोचेल ती घ्यावी. छातीत कळ असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तरीही जवळची गाडी नाकारू नये. गरज वाटली तर प्रगत गाडीला वाटेत गाठण्याची व्यवस्था नियंत्रण कक्ष करू शकतो.

रुग्णालयातून रुग्णालयात न्यायचे असेल आणि खासगी गाडी ठरवायची असेल, तर "कार्डियाक आहे का" या प्रश्नाला प्रत्येक जण होच म्हणतो. त्याऐवजी विचारावे, मागे रुग्णाजवळ कोण बसणार आणि त्याने व्हेंटिलेटर कधी हाताळला आहे का. यंत्रांच्या बॅटऱ्या किती वेळ चालतात. आणि ऑक्सिजनचे किती सिलिंडर, कोणत्या मापाचे, भरलेले आहेत. 'बी' मापाच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो अडीच तास पुरतो. गडचिरोली ते नागपूर हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि रस्ता, पाऊस आणि रहदारी धरून वेळेचा हिशेब केला तर एक सिलिंडर पुरणार नाही. दुसरा भरलेला आहे याची खात्री गाडी निघण्याआधी, त्यावरचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून करून घ्यावी.